मुखवटा, गुपित आणि ती: सुपरहिरोची प्रेमकथा पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

सुपरहिरोची पहिलीवहिली गोष्ट लिहिणाऱ्यांचे कच्चे खर्डे मी बरीच वर्षं वाचतोय. बहुतेकांत शक्ती कशी मिळाली ते छान जमलेलं असतं, मारामारी जमलेली असते, पोशाखाचं वर्णन तर दीड-दीड पान असतं. मग नायकाच्या आयुष्यात एक मुलगी येते आणि गोष्ट लंगडायला लागते. जो रोज तिच्यासोबत चहा पितो, तोच रात्री डोळ्यांवर काळी पट्टी बांधून समोर उभा राहतो आणि तिला काही म्हणजे काही कळत नाही. एरवी ती हुशार असते, वकील असते, पत्रकार असते. फक्त लेखकाला सोयीचं असेल तिथे तिची नजर अधू होते.

हा लेख मी त्या मुलीची बाजू घेऊन लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे: ज्याच्यापासून गुपित लपवलंय, त्या माणसाची बाजू आधी लिहा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका सवयीतून निघतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक जोडी घेऊ. समीर हा इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर. अश्विनी तिथल्याच सरकारी दवाखान्यात नर्स. दोघांची ओळख आहे, ओढ आहे, अजून कुणी बोललेलं नाही. समीर रात्री मुखवटा घालतो. तुमच्या गोष्टीत मुखवटा मुलीच्या तोंडावर असेल, किंवा दोघंही पुरुष, दोघीही बायका असतील, तरी पायऱ्या त्याच.

पायरी पहिली: दोघांतला मुखवटा कोणता, ते ठरवा

हा प्रश्न सोपा वाटतो, पण नवशिके इथेच घाई करतात. कापडाचा मुखवटा कोणता हे सगळ्यांना दिसतं. नाटक कोणतं चाललंय, हे ठरवावं लागतं.

ही परंपरा सुपरहिरोंच्या आधीची आहे. बॅरोनेस ऑर्त्सी यांच्या १९०५ च्या कादंबरीतला स्कार्लेट पिंपर्नेल फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात लोकांना गिलोटिनपासून वाचवतो, आणि घरी सर पर्सी ब्लेकनी म्हणून कपड्यांत रमलेला मूर्ख उमराव होऊन वावरतो. १९१९ मध्ये जॉन्स्टन मॅककली यांनी आणलेला झोरो तसाच. डॉन डिएगो आळसटलेला, नाजूक, तलवारीला हात न लावणारा. इथे मुखवटा घातलेला माणूस खरा, आणि उघड्या चेहऱ्याचा माणूस हे सोंग. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनसाठी हीच युक्ती उचलली. क्लार्क केंट भित्रा, बावळट, चष्मेवाला.

स्पायडरमॅनचं मात्र उलटं आहे. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी उभा केलेला पीटर पार्कर सोंग करत नाही. पैशांची चणचण खरी, लाजाळूपणा खरा, काकूची काळजी खरी. उलट मुखवटा चढवला की त्याला विनोद सुचतात. मुखवट्याआड तो मोकळा होतो.

तुमचा समीर कोणत्या जातकुळीचा? दिवसा मुद्दाम भित्र्याचं नाटक करतो, की तो मुळातच अबोल आहे आणि मुखवट्यामुळे त्याला वाचा फुटते? मला दुसरा जवळचा वाटतो, कारण त्याचा दिवसाचा चेहरा खोटा नाही. अश्विनीला त्याच्याबद्दल जे वाटलं तेही मग खोट्यावर उभं राहत नाही. पहिला निवडलात तर एक जबाबदारी येते: ज्या समीरवर तिचा जीव जडला तो समीर अस्तित्वातच नाही, हे तिला कधीतरी कळणार आणि ते दुःख तुम्हाला पूर्ण लिहावं लागणार.

पायरी दुसरी: जगापासून का लपवतो आणि तिच्यापासून का लपवतो, ही दोन वेगळी कारणं लिहा

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे जगापासून लपवण्याचं कारण. हे बहुधा सोपं असतं: पोलीस, शत्रू, नोकरी. उजवीकडे तिच्यापासून लपवण्याचं कारण. तिथे बहुतेक जण लिहितात, ‘तिच्या सुरक्षेसाठी’. हे कारण जरा तपासून घ्या.

पीटर पार्करची प्रेयसी ग्वेन स्टेसी, तिची गोष्ट आठवा. १९७० मध्ये तिचे वडील, कॅप्टन स्टेसी, एका लहान मुलाला वाचवताना ढिगाऱ्याखाली सापडले. मरताना त्यांनी पीटरला त्याच्या नावाने हाक मारली आणि ग्वेनला सांभाळ म्हणाले. म्हणजे बापाला ठाऊक होतं, मुलीला नव्हतं. ग्वेन त्या मृत्यूचा दोष स्पायडरमॅनला देत राहिली आणि पीटरच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. १९७३ मध्ये ग्रीन गॉब्लिनने तिला पुलावर नेलं, कारण पीटर कोण आहे हे त्याला माहीत होतं. शत्रूला माहीत, प्रेयसीला नाही. ती गेली ती काहीच न कळता. गुपिताने तिचं रक्षण केलं नाही. सावध राहण्याची, पळण्याची, निदान निवड करण्याची संधी मात्र तिच्याकडून काढून घेतली.

स्कार्लेट पिंपर्नेलमध्ये तर न कळण्यामुळेच अनर्थ ओढवतो. भावाचा जीव वाचवायला मार्गरीट शत्रूला पिंपर्नेलचा माग देते आणि नंतर तिला उमगतं की तो आपलाच नवरा. हे बांधकाम शंभर वर्षांनीही भक्कम वाटतं, कारण लपवल्याचा परिणाम थेट कथानकात उतरतो.

म्हणून उजव्या बाजूला खरं कारण लिहा. बहुधा ते कमी शोभेचं असतं. समीरला भीती वाटते की कळल्यावर अश्विनी त्याला थांबवेल, आणि तो थांबेल. किंवा त्याला वाटतं, मुखवट्यातला माणूस तिला आवडतो, आपण आवडणार नाही. किंवा पहिल्या रात्री त्याच्या हातून कुणाला तरी नको इतकं लागलं आणि तो जखमी तिच्याच वॉर्डात आला. यातलं कोणतंही कारण ‘तुझ्या सुरक्षेसाठी’पेक्षा जास्त गोष्ट पुरवतं. ‘तुझ्या सुरक्षेसाठी’ हे वाक्य समीरच्या तोंडी येऊ द्या हवं तर, पण ते तो स्वतःला फसवायला म्हणतोय हे तुम्हाला माहीत असू द्या.

तिला सगळं माहीत आहे आणि जगाला नाही, अशीही प्रेमकथा लिहिता येते. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकाच्या घरात आलेला वेताळ घ्या. ली फॉक यांनी तो १९३६ मध्ये सुरू केला. वेताळाचा उघडा चेहरा पाहणाऱ्याला भयंकर मरण येतं, अशी जंगलातली म्हण. वाचकालाही त्याचे डोळे कधी दिसत नाहीत. डायनाला मात्र तो चेहरा ठाऊक आहे. १९७७ मध्ये त्यांचं लग्न झालं. इथे वाचकच बाहेर उभा आहे आणि ती आत. लहानपणी मला याचं फार आकर्षण होतं: जे मला कधीच दिसणार नाही ते तिला रोज दिसतं.

पायरी तिसरी: कोणाला काय माहीत, याचा तक्ता

चार रकाने आखा: नायक, ती, शत्रू, वाचक. प्रत्येक प्रसंगासमोर लिहा की त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे. काम कंटाळवाणं आहे, पण दोन तासांत गोष्टीची निम्मी भोकं दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना वाचकाचा. आपल्याकडे याचा उत्तम धडा रंगभूमीवर आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये, १८८२ पासून, अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो, बलराम स्वतःच त्याला मानाने घरी आणतो, आणि सुभद्रा त्या यतीची सेवा करत असताना मनात अर्जुनासाठी झुरत असते. प्रेक्षकाला पहिल्यापासून सगळं माहीत. मजा ‘हा कोण’ यात नाही. ‘हिला कधी कळणार, आणि कळेपर्यंत काय काय बोलून बसणार’ यात आहे. मुखवट्याची प्रेमकथा ही जवळजवळ नेहमी अशी असते. वाचकाला आधी सांगा. शेवटच्या पानावर ‘तो समीरच होता!’ असा धक्का देण्याच्या नादात मधली सगळी गोडी आणि सगळी घालमेल वाया जाते.

पायरी चौथी: दोन माणसांचा त्रिकोण

सुपरमॅनच्या अगदी पहिल्या गोष्टीत, १९३८ मध्ये, तेरा पानांत हे यंत्र पूर्ण जुळवलेलं आहे. क्लार्क लोइस लेनला बाहेर येतेस का विचारतो, ती तयार होते. दोघं नाचत असताना एक गुंड मध्ये घुसतो. क्लार्क मुद्दाम शेपूट घालतो. लोइस त्या गुंडाच्या थोबाडीत देते, निघून जाते आणि क्लार्कला सरळ सांगते की तू भित्रा आहेस म्हणून मी तुला टाळते. मग ते गुंड तिला पळवतात, आणि सुपरमॅन त्यांची गाडीच उचलतो. त्या अंकाच्या मुखपृष्ठावरची प्रसिद्ध गाडी ती हीच. लोइस त्या गोष्टीत मूर्ख अजिबात नाही. तिच्या समोर जो पुरावा ठेवला त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष बरोबरच आहे. तिला खोटा पुरावा दिला जातोय, एवढंच.

हा फरक लक्षात ठेवा. ती चुकते ती डोळे नसल्यामुळे नव्हे. कुणीतरी मेहनत घेऊन तिला चुकवतोय म्हणून.

वंडर वूमनमध्ये बाजू पालटल्या. १९४२ च्या सुरुवातीच्या गोष्टीत ती दवाखान्यातल्या डायना प्रिन्स नावाच्या, हुबेहूब आपल्यासारख्या दिसणाऱ्या नर्सची ओळखच पैसे देऊन घेते, जखमी स्टीव्ह ट्रेव्हरजवळ राहता यावं म्हणून. स्टीव्ह वंडर वूमनसाठी वेडा होतो आणि उशाशी बसलेल्या डायनाकडे बघत नाही. आपणच आपली सवत! फ्रान्सच्या ‘मिरॅक्युलस’ या २०१५ पासूनच्या कार्टून मालिकेत दोघांनाही मुखवटे दिले आहेत: मॅरिनेटचं एड्रियनवर प्रेम, एड्रियन मुखवट्यात असताना लेडीबगवर भाळलेला, आणि लेडीबग म्हणजे मॅरिनेट. दोन माणसांत प्रेमाच्या चार रेषा. नवशिक्यांनी आधी एकच मुखवटा सांभाळावा.

त्रिकोण लिहिताना स्वतःला विचारा: मुखवटेवाल्यात तिला नेमकं काय आवडतं? ताकद आणि देखणेपण एवढंच उत्तर येत असेल तर तिला अजून तुम्ही ओळखलेलं नाही. अश्विनीला कदाचित हे आवडतं की तो माणूस जखमी गुंडालाही दवाखान्याच्या दारात आणून ठेवतो. आणि समीरमध्ये काय आवडतं? माग बंद पडला की तो आधी कान लावून ऐकतो, मग पान्याला हात घालतो. ही दोन माणसं मुळात एकच आहेत, याची खूण तिच्या आवडीतच असली पाहिजे.

पायरी पाचवी: चेहरा झाकणं सोपं, बाकीचं लपवा

या पायरीवर वेळ घालवा. चष्म्याने माणूस कसा ओळखू येत नाही, हा जुना आक्षेप. त्याचं उत्तर १९७८ च्या सुपरमॅन चित्रपटात क्रिस्टोफर रीव्ह यांनी अंगाने दिलं. लोइस आतल्या खोलीत जाते, क्लार्क एकटा उभा. तो चष्मा काढतो, पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो, सगळं सांगून टाकायचं ठरवतो. आणि ती येताच धीर सुटून पुन्हा आक्रसतो. एका माणसाचे दोन माणसं होताना आपण बघतो. चष्म्याचा तिथे फारसा संबंधच नाही. तुमच्या नायकाचे दोन देह लिहून काढा: कसा बसतो, जिना कसा चढतो, वाट बघताना हातांचं काय करतो.

मग अशा पाच गोष्टींची यादी करा ज्या तो लपवू शकणार नाही. यासाठी माझा आवडता आदर्श महाभारताच्या वनपर्वातली नल-दमयंतीची कथा. कर्कोटक नागाच्या दंशाने नळाचं रूपच पालटलेलं. बाहुक नावाचा कुरूप सारथी होऊन तो कुंडिनपुरात येतो. चेहऱ्यावरून ओळख पटणं अशक्य. दमयंती केशिनी नावाच्या दासीकडून बाहुकाने शिजवलेलं मांस मागवते, चव घेते, आणि तिला कळतं. मग ती मुलांना त्याच्याकडे पाठवते आणि त्यांना बघून बाहुकाला रडू कोसळतं. चव, मग लेकरं. अंदाज, मग खात्री. मुखवट्याच्या प्रेमकथेत ओळख पटण्याचा यापेक्षा चांगला प्रसंग मी वाचलेला नाही, कारण दमयंती इथे शोध घेते, परीक्षा आखते. तिला कुणी येऊन सांगत नाही.

तुमच्या यादीत काय येईल? यंत्रमागाच्या तेलाचा वास. डाव्या पायाने पायरी चढायची सवय. चहा बशीत ओतून पिणं. एखादा शब्द. १९९२ च्या बॅटमॅन चित्रपटात ब्रूस (म्हणजे बॅटमॅन) आणि सेलिना (म्हणजे कॅटवूमन) मुखवट्यांच्या पार्टीत, नेमके दोघंच उघड्या चेहऱ्याने, नाचत असतात आणि आधी मुखवट्यांत बोललेलं एक वाक्य पुन्हा तोंडून निघतं. तेवढ्याने दोघांनाही कळतं. लढाई नाही, पाठलाग नाही, एक वाक्य.

आणि वाक्य म्हटलं की मराठीत लिहिणाऱ्याचं काम वेगळंच होतं. हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो.

पहिलं, तू आणि तुम्ही. समीर अश्विनीला ‘तू’ म्हणतो. मुखवट्यातला अनोळखी माणूस एका नर्सला ‘तुम्ही’च म्हणणार. तिच्यावर कपाट कोसळताना तो ‘अगं सरक!’ ओरडला, तर मुखवटा फाटल्यातच जमा. हा क्षण फुकट घालवू नका. तिने तो ऐकावा, त्या वेळी काही बोलू नये, आणि वीस पानांनंतर तिला तो आठवावा.

दुसरं, बोली. समीर घरी ‘काय करायलाईस?’ म्हणतो, ‘दुखायलंय व्हय?’ म्हणतो. मुखवट्यात तो टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलायचा प्रयत्न करेल. असं ओढूनताणून आणलेलं प्रमाण मराठी त्याला दोन वाक्यंच झेपेल. तिसऱ्या वाक्यात, दमलेला असताना किंवा घाबरलेला असताना, ‘न्हाई’ येणारच. प्रत्येक प्रसंगात तो किती दमलाय त्यावर त्याची भाषा किती टिकेल ते ठरवा.

तिसरं, लिंग. मुखवट्यातली व्यक्ती बाई की पुरुष हे लपवायचं असेल तर मराठी क्रियापद पहिल्याच वाक्यात चुगली करतं: आलो की आले, येतो की येते. यातून वाट आहे. भविष्यकाळात ‘मी येईन’ म्हटलं की कळत नाही. भूतकाळातली सकर्मक क्रियापदं कर्माच्या मागे जातात, म्हणून ‘मी दार उघडलं’, ‘मी त्याला पाहिलं’ यातही कळत नाही. ‘मला ऐकू आलं’, ‘मला निघायला हवं’ हेही चालतं. वर्तमानकाळ आणि ‘गेलो-आलो’ टाळले की पूर्ण प्रसंग निभावतो. मोठ्याने वाचून बघा, ही भाषा थोडी तुटक, थोडी गूढ वाटते, आणि मुखवट्याला ते शोभतं. शिवाय कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिथल्या मुलीने मुखवटा घातला तर तिच्या बोलीनेच तिला आडोसा दिलाय. पुण्याहून आलेला पोलीस अधिकारी पुरुषाला शोधत हिंडेल, आणि गावातल्या एखाद्या म्हातारीला पहिल्याच वाक्यात कळेल. यावर गोष्ट लिहावी असं मला फार वाटतं. कुणी लिहिली तर आनंद होईल.

पायरी सहावी: खोट्याचा हिशोब ठेवा

नायक जे जे खोटं बोलला त्याची वही करा. कधी, काय, आणि त्यामुळे तिचं काय गेलं. ‘तिला वाईट वाटलं’ असं मोघम लिहू नका. अश्विनीच्या भावाचा साखरपुडा जयसिंगपूरला. समीर येणार म्हणून तिने आईला सांगून ठेवलं. पंगत उठली, त्याचं ताट झाकून ठेवलं, परतीच्या एसटीत आई काही विचारत नाही. आणि ते न विचारणंच तिला लागतं. त्या रात्री समीरने पाच जणांना आगीतून काढलं असेल. तिच्या बाजूने लिहिताना ती आग तुमच्या पानावर नाही. ताट आहे.

याच वहीत आणखी एक रकाना हवा. मुखवट्याआडून त्याने तिच्याकडून काय काढून घेतलं? हा मोह प्रत्येक लेखकाला होतो: ती मुखवटेवाल्याशी मन मोकळं करते, समीरबद्दल बोलते, आणि समीर ऐकतो. ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ च्या हिंदी चित्रपटात सीमा ज्याच्यावर जीव लावते तो अदृश्य माणूस म्हणजे ती ज्याच्या घरात भाड्याने राहते तोच अरुण. सौभद्रातही यतीला सुभद्रेचं मन असंच कळतं. प्रसंग गोड असतो, लिहाच. पण तिने जे विश्वासाने सांगितलं ते चोरून ऐकलं गेलं, हेही खरं. गुपित फुटेल तेव्हा तिला पहिल्यांदा हेच आठवेल: ‘म्हणजे त्या रात्री मी जे बोलले ते तू ऐकत होतास.’ या वाक्याला समीरकडे उत्तर हवं, आणि ते चांगलं नसलं तरी प्रामाणिक हवं.

पायरी सातवी: गुपित फुटण्याचा प्रसंग आधी लिहा

गोष्ट सुरू करण्यापूर्वीच हा प्रसंग लिहून ठेवा. मग मागचे सगळे धागे त्याच्याकडे ओढता येतात. वाटा फार नाहीत. तो सांगतो, तिला अपघाताने कळतं, शत्रू सांगतो, तो सगळ्या जगाला सांगतो (२००८ च्या आयर्नमॅन चित्रपटात टोनी स्टार्क पत्रकारांसमोर बोलून मोकळा होतो), किंवा ती शोधून काढते.

दोन उदाहरणं बारकाईने बघा. क्लार्कने लोइसला लग्नाची मागणी घातली ती १९९० च्या अखेरीस, आणि सुपरमॅन असल्याचं सांगितलं ते १९९१ च्या सुरुवातीला. आधी मागणी, मग गुपित. म्हणजे लोइसने होकार दिला तो चष्मेवाल्या क्लार्कला. त्रिकोण तिने स्वतः, काही माहीत नसताना, सोडवला. क्लार्कला अर्धशतकभर जे हवं होतं ते त्याला मिळालं, आणि मग कुठे तो खरं बोलला. लग्न व्हायला १९९६ उजाडलं. पहिल्या भेटीपासून ५८ वर्षं.

दुसरं मेरी जेनचं. १९८४ च्या एका अंकात ती पीटरला सांगते की तू स्पायडरमॅन आहेस हे मला माहीत आहे. पाच वर्षांनी आलेल्या एका कथेने तर दाखवलं की पीटरच्या काकांचा खून झाला त्या रात्रीच तिने शेजारच्या घराच्या खिडकीतून त्याला पोशाखात बाहेर पडताना पाहिलं होतं. मागचे सगळे अंक एका झटक्यात बदलले. तिचा उथळपणा, ऐन वेळी विषय बदलणं, जवळ येऊन लांब जाणं. मुखवटा तिनेही घातला होता. माझ्या मते ही सगळ्यांत चांगली वाट, कारण लपवणारा आपणच हुशार समजत होता आणि समोरची व्यक्ती त्याच्यासाठी गुपित सांभाळत होती.

अश्विनीसाठी मी ही वाट घेईन. एका रात्री मुखवटेवाला दंडावर चाकूचा वार घेऊन दवाखान्याच्या मागच्या दाराशी येतो. ती ड्रेसिंग करते. पट्टीची शेवटची गाठ ती नेहमी आतल्या बाजूला, दोनदा पीळ देऊन मारते, कारण बाहेरची गाठ पेशंटच्या शर्टात अडकते. दुसऱ्या दिवशी समीर मागाखाली हात घालताना बाही वर सरकते. ती गाठ बघते. काही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणते, ‘पट्टी उद्या बदलायला हवी.’ पुढे समीरने काय म्हणायचं ते तुम्ही लिहा. मी असतो तर त्याला काहीच बोलू दिलं नसतं.

पायरी आठवी: कळल्यानंतरची गोष्ट टाळू नका

इथे मोठमोठ्या लेखकांचाही धीर सुटलेला आहे. १९८० च्या दुसऱ्या सुपरमॅन चित्रपटात लोइसला सगळं कळतं, आणि शेवटी एका चुंबनाने तिची आठवण पुसली जाते. २००७ मध्ये पीटर आणि मेरी जेनचं वीस वर्षांचं लग्न मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून नाहीसं केलं गेलं. सुखी, सगळं माहीत असलेल्या जोडप्याची गोष्ट लिहिता येणार नाही, ही भीती त्यामागे दिसते. मला ती पटत नाही. तिच्या आठवणीवर बोळा फिरवणं म्हणजे तिने कमावलेलं तिच्याकडून परत घेणं.

तिला मारूनही टाकू नका. १९९४ मध्ये ग्रीन लँटर्नच्या एका अंकात नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये ठेवलेलं दाखवलं. १९९९ मध्ये गेल सिमोन यांनी अशा, नायकाला दुःख व्हावं म्हणून बळी गेलेल्या स्त्री-पात्रांची यादीच केली, आणि ती वाचून कॉमिक्सच्या जगाला मान खाली घालावी लागली. तुमच्या गोष्टीत ती मेली तर पुढच्या पानावर कोणाचं दुःख आहे ते बघा. फक्त नायकाचं असेल तर प्रसंग खोडा.

माहीत असणं हेच ओझं आहे, त्यातून गोष्ट निघते. १९८६ मध्ये डेअरडेव्हिलच्या कथेत फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी त्याची जुनी प्रेयसी कॅरन पेज हिला तिथवर नेलं, जिथे व्यसनाच्या एका डोससाठी ती डेअरडेव्हिलचं खरं नाव, मॅट मर्डॉक, विकते. एवढ्या टोकाला जायची गरज नाही. आता अश्विनीलाही खोटं बोलायचं आहे, आणि तिला त्याची सवय नाही. तिचं पहिलं खोटं लिहा. लग्न झालंय. रात्रीचे अडीच वाजलेत, अंथरुणाची अर्धी बाजू गार, खिडकीचा पडदा हलतोय. दाराबाहेरून सासूबाई विचारतात, समीर आहे ना गं आत, कसला आवाज झाला?

‘झोपल्यात ते, आई. उठवू काय?’